गाडी बंद, दिवे चालू: हेडलाइट विझत नसेल तर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं ऑटो वायरिंगचं दुकान आहे, कराडजवळ हायवेला लागून. "दिवा लागत नाही" ही तक्रार रोजची. "दिवा विझत नाही" ही महिन्यातून एखादी, पण त्या माणसाचा आवाज वेगळा असतो. दिवा लागत नसेल तर माणूस उद्या बघू म्हणतो. विझत नसेल तर बॅटरी डोळ्यांदेखत उतरत असते आणि फोन हमखास रात्री दहानंतर येतो. फोनवर जे सांगतो तेच इथे लिहून ठेवलंय.

आत्ता रात्र आहे, दिवे विझत नाहीत, सकाळी गाडी हवी आहे. आधी काय करू?

चावी पुन्हा लावा, इग्निशन चालू करा. लाइटचा स्विच चार-पाच वेळा पूर्ण चालू, पूर्ण बंद असा फिरवा. अप्पर-डिपर करा. मग इग्निशन बंद करून खाली उतरा, दारं लावा, लॉक करा आणि घड्याळात बघून दोन मिनिटं थांबा. पुष्कळदा प्रकरण इथेच मिटतं. का मिटतं ते पुढच्या प्रश्नात आहे.

नाही मिटलं, तर बॉनेट उघडा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर आतल्या बाजूने नकाशा छापलेला असतो. त्यात हेडलाइटच्या चित्रासमोरचा रिले (छोटा काळा चौकोनी डबा) शोधा आणि सरळ वर ओढून काढा. नुसते फ्यूज काढायचे असतील तर लक्षात ठेवा, डाव्या आणि उजव्या हेडलाइटचे फ्यूज बहुतेक गाड्यांत वेगवेगळे असतात. एक काढून दुसरा दिवा जळतोय म्हणून पुन्हा फोन करू नका.

काहीच सापडत नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. निगेटिव्हच आधी, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते आणि पाना भाजतो. निगेटिव्ह आधी सुटलेली असली की तो धोकाच राहत नाही. सोडवलेली वायर फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवा, नाहीतर स्प्रिंगसारखी परत येऊन टर्मिनलला चिकटते. आणि चावी खिशात ठेवा. बॅटरी काढल्यावर रिमोट चालत नाही, दार चावीनेच लावावं लागतं.

दिव्यावर पोतं किंवा ओलं फडकं टाकून झोपायला जाऊ नका. बॅटरी उतरायची ती उतरतेच, वर काच तापून पिवळी पडते.

पण हा बिघाडच आहे कशावरून?

बरोबर विचारलंत. नव्या गाड्यांत निम्म्या वेळा तो बिघाड नसतो, सोय असते.

गाडी बंद केल्यावर दारापर्यंत उजेड मिळावा म्हणून काही सेकंद ते एखाद मिनिट हेडलाइट चालू ठेवण्याची व्यवस्था असते. जाहिरातीत तिला 'फॉलो मी होम' म्हणतात. गाडी बंद करून अप्परचा दांडा एकदा ओढला की ती सुरू होते, आणि उतरताना हात लागून तो दांडा सहज ओढला जातो. म्हणून वर दोन मिनिटं थांबायला सांगितलं.

दुसरी गोष्ट डीआरएल, म्हणजे दिवसा जळणारे दिवे. इंजिन चालू असेपर्यंत ते जळतातच. काही गाड्यांत हँडब्रेक ओढला की विझतात, काहींत नाही. कॅनडात १ डिसेंबर १९८९ नंतर बनलेल्या नव्या गाड्यांना ते सक्तीचे आहेत, युरोपात ७ फेब्रुवारी २०११ पासून कारच्या नव्या मॉडेलांना. टोरंटोला राहायला गेलेल्या मुलाने "इथं मला लाइट बंदच करता येत नाही" असं कळवलं, तर गॅरेज शोधायची गरज नाही. आपल्याकडे दुचाकींना १ एप्रिल २०१७ पासून हेडलाइट आपोआप चालू राहण्याची सक्ती आहे, म्हणून नव्या मोटरसायकलला तो स्विचच नसतो. रस्त्यात समोरून हात हलवून "लाइट चालू आहे" सांगणारे काका अजून भेटतात, त्यांचा हेतू चांगला असतो.

तिसरी गंमत फोक्सवॅगन, स्कोडावाल्यांसाठी. या गाड्यांत इंडिकेटरचा दांडा एका बाजूला राहिला आणि तुम्ही गाडी बंद केली, तर त्या एकाच बाजूचे पार्किंग दिवे चालू राहतात. अरुंद गल्लीत रात्री कडेला लावलेली गाडी दिसावी म्हणून केलेली ती सोय आहे. एका गिऱ्हाइकाने यासाठी मागचा अख्खा दिवा बदलून घेतला होता. दांडा मधे आणला, दिवा विझला.

स्विच ऑटोवर आहे, भर दुपारी हेडलाइट लागतात आणि विझत नाहीत.

डॅशबोर्डवर, समोरच्या काचेजवळ, एक काळी बटणासारखी गोल चकती असते. तो उजेडाचा सेन्सर. काही गाड्यांत तो काचेवर, आरशामागे असतो. त्याला अंधार वाटला की तो दिवे लावतो, एवढीच त्याची अक्कल.

आता त्या चकतीवर काय ठेवलंय ते बघा. आपल्याकडे बहुतेक वेळा गणपती असतो. डॅशबोर्डचा नेमका मध्य सेन्सरलाही सोयीचा आणि बाप्पालाही. मूर्ती चार बोटं बाजूला सरकवा. मूर्ती नसेल तर डॅशबोर्डवरची फरची मॅट, टोलची पावती, सोसायटीचं पार्किंग स्टिकर किंवा काचेवर नंतर लावलेली गडद फिल्म, यातलं काहीतरी असतं. सगळं हटवून, स्वच्छ पुसून, उन्हात गाडी उभी केली आणि मिनिटभरात दिवे विझले नाहीत, तर सेन्सर किंवा त्याची वायर गेली असं धरायला हरकत नाही. सेन्सरकडून काहीच खबर येत नसेल तर बऱ्याच गाड्या दिवे लावूनच ठेवतात. कारण अंधारात दिवे नसण्यापेक्षा उजेडात दिवे असणं बरं. तोपर्यंत स्विच ऑटोवरून काढून हाताने वापरा.

ठीक आहे, सोय नाही, बिघाडच आहे. सुरुवात कुठून करायची?

गाडीच्या मागून. बहुतेक लोक वाकून हेडलाइटमध्येच डोकं घालतात. तुम्ही मागे जा आणि नंबर प्लेटचा छोटा दिवा बघा.

लाइटचा स्विच आपण दोन टप्प्यांत फिरवतो. पहिल्या टप्प्याला पार्किंग लाइट, मागचे लाल दिवे, नंबर प्लेट आणि मीटरमधला उजेड. दुसऱ्याला हेडलाइट. म्हणजे हेडलाइट लागला की मागचा दिवा लागलेलाच असतो. स्विच बंद असताना पुढचे हेडलाइट आणि मागची नंबर प्लेट दोन्ही जळत असतील, तर गाडीला अजून स्विच चालूच आहे असं वाटतंय. दोष स्विचमध्ये किंवा स्विचकडून येणाऱ्या वायरीत. नंबर प्लेट विझलेली आणि फक्त हेडलाइट जळतोय, तर स्विचने आपलं काम केलंय. पुढे रिले अडकलाय.

दार उघडल्यावर "दिवे चालू राहिले" असं टीं टीं वाजणारा बझर असेल तर तोही साक्ष देतो. बऱ्याच गाड्यांत त्याला खबर पार्किंग लाइटच्या वायरीतून मिळते. हेडलाइट ढणढणीत जळतोय आणि बझर गप्प, तर संशय पुन्हा रिलेवर.

शंभर टक्के खात्री यातून होत नाही, स्विचमधला फक्त हेडलाइटचा कॉन्टॅक्टही चिकटू शकतो. पण कुठला स्क्रू आधी सोडवायचा ते ठरतं.

रिले अडकतो म्हणजे नेमकं काय होतं?

रिले म्हणजे आगपेटीपेक्षा लहान काळा चौकोनी डबा. आत तांब्याच्या तारेची कॉइल, तिच्यावर एक पट्टी, पट्टीच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा कॉन्टॅक्ट आणि त्याच्यासमोर दुसरा तसाच. स्विचमधून जेमतेम दीडशे मिलीअँपिअर करंट कॉइलला मिळतो, तिचं लोहचुंबक होतं, पट्टी ओढली जाते, दोन दाणे एकमेकांना टेकतात आणि दिव्याचा नऊ-दहा अँपिअरचा मोठा करंट त्यांच्यातून जातो. स्विच बंद केला की चुंबक संपतं आणि स्प्रिंग पट्टी मागे घेते.

स्प्रिंग मागे घेईल, पण दाणे सुटले पाहिजेत ना. जुना रिले चाकूने उघडून बघा. एक दाणा काळा पडलेला, दुसऱ्यावर चमकदार टेकाड, आणि दोघांच्या मधे बारीक डाक. झाळकाम केल्यासारखं. हे प्रत्येक वेळी दिवा लावताना थोडंथोडं होत असतं. थंड फिलामेंटचा रोध गरम फिलामेंटच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढाच असतो, त्यामुळे दिवा लागतानाच्या पहिल्या क्षणी करंटचा मोठा लोंढा येतो, आणि त्याच क्षणी दाणे टेकताना एकमेकांवर उडत असतात. कंपनीचा रिले हे वर्षानुवर्षं सोसतो. आपण बाहेरून लावलेला बल्ब सोसेलच असं नाही.

म्हणजे जास्त वॅटचा बल्ब लावल्याने हे होतं?

माझ्या टेबलावर जे चिकटलेले रिले येतात, त्यांच्यासोबत बहुतेक वेळा १००/९० चे बल्ब येतात. कंपनीचा एच-फोर बल्ब ६०/५५ वॅटचा असतो, म्हणजे अप्पर ६०, डिपर ५५. डिपरला दोन्ही मिळून ११० वॅट, म्हणजे सुमारे नऊ अँपिअर. ९० वॅटचे दोन लावले की १८० वॅट, पंधरा अँपिअर. आता करंट वाढला तेवढीच उष्णता वाढत नाही, ती करंटच्या वर्गाने वाढते. म्हणजे त्याच वायरीत, त्याच कॉन्टॅक्टवर, जवळपास पावणेतीनपट उष्णता. त्यातून होल्डर करपतो, वायरीचं आवरण कडक होऊन तडकतं आणि रिलेचे दाणे चिकटतात.

"पण रस्ता दिसत नाही हो," हे मला मान्य आहे. पाटण-कोयनेच्या घाटात मीही पावसात गाडी चालवतो. आधी पिवळी पडलेली काच पॉलिश करून घ्या, बल्बला खरोखर किती व्होल्ट पोहोचतात ते मोजा, अर्थ (बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर) साफ करा. जुन्या गाडीत बॅटरीला १३.८ आणि बल्बला १२ च्या आतबाहेर असा फरक मी अनेकदा मोजलाय. तो भरून काढला की साध्या ५५ वॅटच्या बल्बचाही उजेड पडतो.

रिले खराब आहे का, ते घरी कसं तपासू?

रिले काढला आणि दिवा विझला, तर रिले आणि त्याच्या मागचं सर्किट संशयात राहतं. रिले काढूनही दिवा जळतोय, तर रिलेनंतरच्या वायरीत कुठेतरी दुसरीकडून करंट घुसतोय. तिथे थांबा आणि वायरिंगवाल्याकडे जा.

विझला असेल तर रिले हातात घ्या. पायांशेजारी बारीक आकडे छापलेले असतात: ८५ आणि ८६ म्हणजे कॉइल, ३० आणि ८७ म्हणजे ते दोन दाणे. मल्टिमीटर बीपवर ठेवा आणि ३०-८७ ला लावा. हातात असलेल्या सुट्या रिलेला बीप वाजता कामा नये. वाजली की तो चिकटलेला, विषय संपला. ८५-८६ मधे साधारण ७० ते १०० ओहम दाखवेल. काही जपानी धाटणीच्या रिलेवर आकडे वेगळे असतात, पण अंगावर छोटी आकृती काढलेली असतेच.

मीटर नसेल तर शेजारचा तसाच दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, काढून हेडलाइटच्या जागी लावा. नंबर आणि पायांची मांडणी सारखीच हवी. दिवा आता नीट लागून विझला, तर जुना रिले बाद. फक्त तो जुना रिले हॉर्नच्या जागी बसवू नका. माझ्याकडच्या नव्या पोराने एकदा दुपारी तसं केलं. चिकटलेला रिले तो, हॉर्न जो सुरू झाला तो बंद होईना, आणि गडबडीत त्याला कुठला डबा ओढायचा ते आठवेना. समोरचा चहावाला गॅस बंद करून बघायला आला. तपासणी बरोबर होती म्हणा, रिले चिकटलाय हे सगळ्या हायवेला कळलं.

दुसरा चांगला रिले लावूनही दिवा विझत नसेल, तर कॉइलला कोणीतरी अजून करंट देतंय. मग पुढचा मुक्काम स्विच.

रिलेवर पान्याने टिचकी मारली आणि दिवा विझला. झालं ना काम?

आजच्या रात्रीपुरतं झालं. डाक सुटली, पण दाण्यावरचा खडबडीतपणा तसाच आहे, पुन्हा चिकटणार. शंभर-दोनशे रुपयांचा डबा आहे, बदला. तेवढ्याच अँपिअरचा आणि त्याच मांडणीचा घ्या. "यापेक्षा मोठा देतो" म्हणणाऱ्याचं ऐकताना फ्यूज आणि वायर जुनीच आहे हे विसरू नका.

दिवे विझत नाहीत, मग फ्यूज का उडाला नाही?

हा प्रश्न शिकलेली माणसंही विचारतात. फ्यूज प्रमाणाबाहेरचा करंट अडवतो. इथे करंट अगदी रोजचाच आहे, नको त्या वेळी चालू आहे इतकंच. फ्यूजला वेळ कळत नाही.

याच्याच पुढची एक पाचर आहे आणि ती भल्याभल्यांना फसवते. आपण धरून चालतो की स्विच नेहमी पॉझिटिव्ह तोडतो. पण काही गाड्यांत, विशेषतः जपानी पद्धतीच्या वायरिंगमध्ये, बल्बला किंवा रिलेला पॉझिटिव्ह कायम असतो आणि स्विच अर्थ जोडतो-तोडतो. अशा गाडीत स्विचकडे जाणारी वायर कुठे घासून बॉडीला टेकली की आपसूक अर्थ मिळतो आणि दिवा लागतो. ठिणगी नाही, धूर नाही, फ्यूज शाबूत. नवा रिले घातला, नवा स्विच घातला, दिवा जळतोच. अशी एक गाडी माझ्याकडे आली तेव्हा तीन ठिकाणी फिरून आलेली होती. डॅशबोर्डच्या खाली, स्टिअरिंगच्या ब्रॅकेटजवळ, म्युझिक सिस्टिम बसवताना कोणीतरी मारलेला एक लांब स्क्रू हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात घुसला होता. नेमक्या त्याच वायरीत. स्क्रू अर्धा फेरा सैल केला, हेडलाइट विझला. पुन्हा आवळला, लागला. गिऱ्हाइकाने तो स्क्रू मागून घेतला.

तेव्हा तपासताना एक प्रश्न स्वतःला विचारा: अलीकडे गाडीत काय बसवलं? म्युझिक, रिव्हर्स कॅमेरा, फॉगलॅम्प, अलार्म. बिघाडाचा पत्ता बऱ्याचदा तिथलाच निघतो.

कॉम्बिनेशन स्विच (स्टिअरिंगजवळचा लाइटचा दांडा) गेलाय हे कसं ओळखायचं?

आधी हाताला कळतं. दांडा फिरवताना जो टक-टक असा खटका लागतो तो बुळबुळीत होतो, किंवा दांडा 'बंद'च्या खुणेच्या जरा आधीच थांबतो. दांडा थोडा वर उचलून धरला की दिवा विझतो आणि सोडला की लागतो, असं असेल तर आणखी पुरावा नको. जुन्या, रिले नसलेल्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट या स्विचमधूनच जातो. तिथे आतलं प्लॅस्टिक वितळून कॉन्टॅक्टभोवती बसतं, करपल्याचा वास येतो आणि मागचा कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा खटका) तपकिरी दिसतो. असा कपलर दिसला तर स्विचसोबत तोही बदला.

खात्रीसाठी स्टिअरिंगखालचं कव्हर काढून स्विचचा कपलर सोडवायचा. दिवा विझला तर स्विच बाद, नाही विझला तर वायर. पण स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर कव्हरच्या पुढे घरी जाऊ नका. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला हात लावायचा नाही. बॅटरी काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय आम्हीही लावत नाही.

स्विच अडखळतोय म्हणून आत तेल सोडणारे बरेच आहेत. एकाने खोबरेल घातलं होतं, हिवाळ्यात ते गोठलं. इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर नावाचा स्प्रे मिळतो, तो चालतो.

डिपर नीट बंद होतो, अप्परच विझत नाही.

मीटरमध्ये निळा दिवा जळतोय का बघा. डिपर मारण्यासाठी, म्हणजे क्षणभर अप्पर चमकवण्यासाठी दांडा ओढतो तो कॉन्टॅक्ट मुख्य स्विचला वळसा घालून थेट अप्परला जातो, म्हणून लाइट बंद असतानाही डिपर मारता येतो. तो आत अडकला की स्विच बंद करून काही फरक पडत नाही. दांडा पुढे ढकलून बघा. रात्री असंच घरी जायची वेळ आली तर अप्परचा वेगळा फ्यूज असल्यास तो काढा, डिपरवर जा. समोरच्याला आंधळं करत जाणं म्हणजे स्वतःच्या अंगावर गाडी बोलावणं आहे.

पावसात, किंवा गाडी धुतल्यावरच असं होतं. ऊन पडलं की ठीक.

पाण्यातून नऊ-दहा अँपिअर जातील हे कठीण. पण रिलेला ओढायला दीडशे मिलीअँपिअर पुरतात, एकदा ओढलेला धरून ठेवायला त्याहूनही कमी, आणि नव्या गाडीतल्या बीसीएमला (दिवे चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) तर काही मिलीअँपिअरचा इशारा बास होतो. कपलरमध्ये दोन पिनांच्या मधे ओल आणि हिरवा गंज असेल तर एवढा करंट सहज झिरपतो. कोकणात, समुद्राच्या खाऱ्या हवेत, हे लवकर होतं. फ्यूज बॉक्सचं झाकण एका बाजूने नीट बसलेलं नसणं आणि धुणाऱ्याने बॉनेट उघडून प्रेशरचा पाइप सोडणं, ही दोन नेहमीची कारणं.

बॅटरी सोडवा, कपलर एकेक उघडा, हिरवं दिसलं तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि जुन्या टूथब्रशने साफ करा, वाळू द्या. हेअर ड्रायर लांबून, कमी आचेवर. आणि पावसाळ्यात बरेच दिवस उभ्या गाडीत उंदीर राहायला येतात हेही बघा. कुरतडलेल्या दोन उघड्या वायरी एकमेकींना टेकल्या की त्याही स्विचचंच काम करतात.

माझ्या गाडीत हेडलाइटचा रिले सापडतच नाही.

मग दिवे बीसीएम चालवतं. बीसीएम म्हणजे गाडीच्या दिवे-वायपर-काचांचा कारभार बघणारा कॉम्प्युटर. तुमचा स्विच त्याला फक्त निरोप देतो आणि आतला इलेक्ट्रॉनिक स्विच दिवा लावतो. निरोपाची वायर तुटली किंवा काहीतरी अर्थ न लागणारा निरोप आला, तर काही गाड्या मुद्दाम डिपर चालू ठेवतात, चालत्या गाडीचे दिवे अचानक जाऊ नयेत म्हणून. मीटरमध्ये लाइटची खूण किंवा संदेश येतो. इग्निशन बंद केल्यावर दिवे जात असतील तर बहुधा हाच प्रकार आणि बहुधा स्विच किंवा त्याचा कपलर.

इथे पक्कड घेऊन काही करण्यासारखं नाही. स्कॅनर लावून कोड वाचायला सांगा. कोड न वाचता "बीसीएमच गेलं" म्हणणाऱ्याकडून गाडी काढून आणा, कारण तो पार्ट महाग असतो आणि नवा बसवल्यावर त्याला तुमच्या गाडीची ओळख करून द्यावी लागते. वॉरंटी असेल तर वायर कापू देऊ नका. चॅसिस नंबर कंपनीच्या साइटवर टाकून गाडीचा रिकॉल (दोष सुधारायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) आहे का तेही बघा, फुकट आहे.

बॅटरी किती वेळ टिकेल?

डिपरचे ११० वॅट, पुढचे-मागचे पार्किंग आणि नंबर प्लेट मिळून पंचवीसेक. म्हणजे ११ अँपिअर. छोट्या पेट्रोल गाडीत ३५ अँपिअर-तासाची बॅटरी असते. कागदावर तीन तास. प्रत्यक्षात दोन-तीन वर्षं जुनी बॅटरी दीड-दोन तासांतच सेल्फ मारायच्या लायकीची राहत नाही. फक्त पार्किंग लाइट राहिले असतील तर रात्र निघू शकते, सकाळी सेल्फ कण्हेल.

उतरलीच. आता?

आधी दिवा विझवा, म्हणजे रिले किंवा फ्यूज काढा. हे विसरून लोक जम्प देत बसतात. मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून उतरलेल्याच्या पॉझिटिव्हला लाल केबल. काळी चांगल्याच्या निगेटिव्हला आणि दुसरं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून. गिअरची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धक्क्यावर सुरू होते, ऑटोमॅटिक होत नाही, तिथे सोसायटीतल्या मुलांना घाम गाळायला लावू नका.

हेडलाइट नाही, मागचे लाल दिवेच विझत नाहीत.

तिन्ही लाल दिवे कडक जळत असतील, वरचा मधलाही, तर ते ब्रेकचे दिवे आहेत. ब्रेक पेडलच्या वर डोकं घालून बघा. पेडलच्या पट्टीला एक भोक दिसेल आणि खाली मॅटवर प्लॅस्टिकचा चुरा. ते भोक झाकणारं छोटं बटण मोडलेलं असतं, त्यामुळे स्विचची पिन आरपार जाते आणि गाडीला वाटतं ब्रेक दाबलाय. बटण काही रुपयांचं. आज मिळत नसेल तर भोकात लहान नट-बोल्ट आवळा, घरी जा.

बाहेरून एलईडी बल्ब लावलेत. बंद केल्यावरही मिणमिणतात.

काही गाड्यांत बीसीएम बल्ब शाबूत आहे का हे बघायला बारीक करंट पाठवत असतं. जुन्या फिलामेंटला तो कळत नाही, एलईडीला पुरतो. बॅटरी त्याने उतरत नाही. आधी साधा बल्ब लावून बघा, मिणमिण गेली तर बिघाड नाही.

दुरुस्ती झाली. पुन्हा काही करंट खातंय का, हे कसं कळेल?

रात्री गाडी बंद करून अर्ध्या तासाने बॅटरीचे व्होल्ट मोजा आणि लिहून ठेवा. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी पुन्हा मोजा. १२.५ असेल तर ठीक. १२.२ च्या खाली आली असेल तर एकतर बॅटरी म्हातारी झालीय किंवा अजून काहीतरी चालू आहे. मग अँपिअरवर ठेवलेलं मीटर निगेटिव्ह वायरीत जोडून, दारं लावून, गाडी झोपेपर्यंत, म्हणजे तिचे कॉम्प्युटर शांत होईपर्यंत थांबायचं. ५० मिलीअँपिअरच्या आत आलं तर बास. दीडशेच्या जवळ थांबलं असेल, तर कुठलातरी रिले अजून ओढलेला आहे. रात्री शांतता असते, फ्यूज बॉक्सवर हात ठेवून बघा, ओढलेला रिले हाताला कोमट लागतो.